वाणीची चिकित्सा : डोर्नाखच्या टेकडीवरील एका विद्येची कहाणी

लघुरुद्राच्या दिवशी देवळाच्या चौकात बसून ज्यांनी अकरा ब्राह्मणांचा एकमुखाने चाललेला पाठ ऐकला आहे, त्यांना एक अनुभव निराळा सांगावयास नको. पाठ संपतो, अभिषेकाची धार थांबते, आणि ऐकणाऱ्याच्या ध्यानी येते की, आपला श्वास केव्हा संथ झाला हे आपणांस कळलेच नाही. म्हणणारे तर तासन् तास बोलून उठतात आणि तरी थकलेले दिसत नाहीत. हा देवाचा प्रसाद, असे म्हणून आपण घरी जातो. तसे म्हणण्यात वावगे काही नाही. परंतु शब्द, श्वास आणि हृदय यांचा हा व्यवहार कसा चालतो, आणि तो आजारी माणसाच्या उपयोगी पडेल काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील काही मंडळींनी कलेच्या वाटेने जाऊन विचारला. त्यातून जी विद्या निपजली तिचा इतिहास आमच्या वाचकांपुढे ठेवावा असे पुष्कळ दिवस मनात होते. तिच्या मुळाशी हिंदुस्थानचा थोडा संबंध आहे, हे एक कारण. दुसरे कारण असे की, दोन कर्तबगार स्त्रियांच्या दुराव्यामुळे तिच्या वाढीत जो खंड पडला, तो देवस्थाने व संस्था चालविणाऱ्या कोणाही गृहस्थाने लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे.

त्यांपैकी पहिल्या मारी फॉन सीव्हर्स. त्यांचा जन्म १८६७ साली, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या पोलंडमधील व्लोत्स्लावेक या गावी झाला. काव्यपठन आणि नाट्यकला यांचे शिक्षण त्यांनी पॅरिस येथे घेतले. रंगभूमीवर नाव मिळविण्याची पात्रता अंगी असूनही त्यांचे मन त्या झगमगाटात रमले नाही. एदुआर शुरे या फ्रेंच ग्रंथकाराचे लेखन त्यांच्या वाचनात आले आणि त्यांच्या आयुष्यास निराळे वळण लागले. शुरे यांचा १८८९ साली प्रसिद्ध झालेला मोठा ग्रंथ जगातील महान द्रष्ट्यांविषयी आहे, आणि त्यात ऑर्फियस, प्लेटो, येशू यांच्या पंगतीस राम व कृष्ण यांनाही स्थान दिलेले आहे. या ग्रंथाचे जर्मन भाषांतर पुढे मारी यांनीच केले. थिऑसफीच्या चळवळीत त्या शिरल्या आणि तेथेच त्यांची रुडॉल्फ श्टायनर यांच्याशी गाठ पडली.

श्टायनर हे १८६१ साली जन्मलेले ऑस्ट्रियन पंडित. गटे या कवीच्या शास्त्रीय लेखनाचे संपादक म्हणून विद्वानांत त्यांचे नाव झाले होते. १८९९ पासून काही वर्षे ते बर्लिनमधील कामगारांच्या शाळेत इतिहास शिकवीत आणि सभेत बोलण्याची तालीमही देत. दिवसभर राबून आलेल्या मजुरास चार लोकांपुढे उभे राहून बोलता यावे, ही त्या तालमीमागची साधी गरज होती. पुढील सगळ्या विस्ताराचे हे एक बीज आम्हांस वाटते, आणि चरित्रकार त्यास फारसे महत्त्व देत नाहीत याचे नवल वाटते.

१९०२ साली थिऑसफिकल सोसायटीची जर्मन शाखा स्थापन झाली, तेव्हा श्टायनर तिचे चिटणीस झाले. त्या प्रसंगी अ‍ॅनी बेझंटबाई स्वतः बर्लिनला आल्या होत्या. लोकमान्यांच्या जोडीने होमरूलची चळवळ चालविणाऱ्या याच त्या बेझंटबाई. मात्र अड्यार आणि बर्लिन यांचे सूर फार काळ जुळले नाहीत. कृष्णमूर्ती या मुलास जगद्गुरू म्हणून पुढे आणण्याचा उद्योग १९११ च्या सुमारास सुरू झाला, तो श्टायनर यांना मान्य होईना. १९१२ च्या अखेरीस जर्मन मंडळी वेगळी झाली आणि त्यांनी अँथ्रॉपॉसॉफिकल सोसायटी स्थापिली. स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहरानजीक डोर्नाखच्या टेकडीवर १९१३ च्या सप्टेंबरात त्यांच्या मंदिराची कोनशिला बसली. दोन घुमटांची ही लाकडी वास्तू गटेच्या नावावरून गटेआनुम म्हणून ओळखली जाऊ लागली. मारी व श्टायनर यांचा विवाह १९१४ च्या डिसेंबरात झाला.

या मंडळींच्या कार्यात वाणीस इतके मानाचे स्थान मिळाले ते मारी यांच्यामुळे. श्टायनर व्याख्यान देत आणि मारी काव्यपठन करून दाखवीत, असा परिपाठ अनेक वर्षे चालला. त्यांची तक्रार अशी होती की, छापील पुस्तकांच्या युगात माणूस कविता डोळ्यांनी वाचतो, अर्थ तेवढा उचलतो, आणि ध्वनी हे जणू टरफल आहे असे समजून टाकून देतो. बोलताना शब्दाला मूर्तिकाराच्या हाताने आकार दिला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून या कलेचे जे जर्मन नाव पडले त्यास मराठीत ‘वाणीशिल्प’ म्हणता येईल.

१९१९ साली या वाणीशिल्पाची पहिली पद्धतशीर शाळा भरली ती नटांची नव्हे, मास्तरांची. श्टुटगार्ट येथील एका सिगारेट-कारखान्याचे मालक एमील मोल्ट यांनी आपल्या मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढावयाचे ठरविले. तिच्या भावी शिक्षकांना श्टायनर यांनी उद्घाटनापूर्वी सुमारे पंधरा दिवस शिकविले, त्यात रोज वाणीचे व्यायाम घेतले. त्या वाक्यांना अर्थ असा फारसा नव्हता. जीभ, दात, ओठ, टाळू यांना लवचिकपणा यावा, एक ध्वनी दुसऱ्याच्या अंगावर पडू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. अर्थाचे ओझे उतरले की कान ध्वनीकडे लागतो, हे त्यातील इंगित. आमच्याकडे वेदपाठशाळेतील आठ वर्षांचा बटू अर्थ न समजता क्रम आणि जटा घोकतो, त्यास कित्येक शहाणे लोक हसतात. त्यांनी ही हकीकत मनात ठेवावी.

येथे वर्णांच्या वर्गीकरणाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आमच्या वाचकांस त्यात विशेष गोडी वाटेल. श्टायनर व्यंजनांचे चार प्रकार मानीत. ब, प, द, त, ग, क, म, न हे आघाताचे वर्ण, त्यांचे तत्त्व पृथ्वी. ह, श, स, फ यांसारखे फुंकेचे वर्ण, त्यांचे तत्त्व अग्नी. ल हा लाटेसारखा, म्हणून त्याचे तत्त्व जल. र हा कंपाचा, त्याचे तत्त्व वायू. आता आपली वर्णमाला समोर ठेवावी. आपल्याकडे क पासून म पर्यंतचे पंचवीस वर्ण ‘स्पर्श’ म्हटले आहेत, आणि त्यात अनुनासिकेही धरली आहेत. श्टायनर यांनीही म व न आघातांतच घातले. श, ष, स, ह यांना आपण ‘ऊष्म’ म्हणतो, म्हणजे उष्णतेचे वर्ण. त्यांनीही फुंकेच्या वर्णांशी अग्नीच जोडला आहे. साम्य येथे थांबते. य आणि व यांना आपले शिक्षाकार र व ल यांच्याबरोबर अंतःस्थांत बसवितात. श्टायनर त्यांना फुंकेच्या रांगेत नेतात आणि र व ल यांना एकेकटे उभे करतात. एवढ्या साम्यावरून ‘हे सारे आमच्याकडूनच गेले’ असा डंका पिटण्याची आम्हांस इच्छा नाही. मुखाची घडण सर्व मनुष्यांची एकच, आणि ज्याने लक्षपूर्वक ऐकले त्यास सारखेच ऐकू येणार. परंतु पाणिनीय शिक्षेत वर्णोच्चाराला जी वाघिणीची उपमा दिली आहे, ती डोर्नाखच्या शिष्यांना निश्चित आवडली असती. वाघीण पिलाला दातांत धरून नेते, ते खाली पडत नाही आणि त्यास दातही लागत नाहीत. वर्ण तसा उच्चारावा, असे शिक्षाकार सांगतात.

श्वासाविषयी मात्र त्यांचे मत आपल्या प्राणायामापासून निराळे आहे, आणि तेच या विद्येचे मर्म आहे. श्वास वेगळा काढून त्याचा व्यायाम करू नये, असे श्टायनर सांगत. श्वास किती घ्यावा, किती रोखावा, हे मोजू नये. वर्ण नीट घडवावा, ओळ नीट तोलावी, म्हणजे श्वास आपोआप तिच्यामागे येतो. गायन व भाषण शिकविणारे त्या काळचे बहुतेक गुरू छाती व पोट यांवर हात ठेवून श्वासाचे धडे देत, त्यांच्याशी हा उघड विरोध होता. याच विचारातून प्राचीन ग्रीक महाकाव्यांचे षट्चरणी वृत्त त्यांच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी आले. त्या वृत्तात ओळीचे सहा गण आणि मध्ये व शेवटी एकेक विराम मिळून आठ मात्रास्थाने होतात. निरोगी माणसाचे मिनिटाला अठरा श्वास आणि बहात्तर ठोके धरले तर एका श्वासास चार ठोके पडतात. म्हणजे एका ओळीत दोन श्वास व आठ ठोके. महाकाव्याचे वृत्त हे मनुष्याच्या छातीतच लिहिलेले आहे, असा त्यांचा सिद्धांत. गणित अतिशय सुबक आहे, आणि सुबक गणिताविषयी सावध असावे हे आम्ही जाणतो. परंतु पुढे या सिद्धांताची प्रत्यक्ष यंत्राने तपासणी झाली, तिचा वृत्तांत येईलच.

दुसऱ्या स्त्री म्हणजे डॉक्टर ईटा वेगमान. डच कुटुंबातील ईटाबाईंचा जन्म १८७६ साली जावा बेटावरील करवांग येथे झाला. झुरिच येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९२१ साली डोर्नाखच्या शेजारी आर्लेसहाइम येथे रुग्णालय काढले. औषधाच्या जोडीस मालिश, चित्रकला, गतिकला व वाणी यांचा उपयोग रुग्णासाठी व्हावा, हे त्यांच्या मनाने घेतले. १९२२ च्या वर्षअखेरीच्या रात्री लाकडी गटेआनुम जळून खाक झाले. त्यानंतर एका वर्षाने नाताळात संस्थेची पुनर्रचना झाली, तीत वाणी व संगीत यांचा विभाग मारी यांच्याकडे आणि वैद्यक विभाग ईटा यांच्याकडे आला. कलेची आणि वैद्यकाची सूत्रे अशी एका छपराखाली दोन समर्थ हातांत होती.

१९२४ चा सप्टेंबर महिना या इतिहासातील सर्वांत भरगच्च महिना. पाच तारखेपासून तेवीस तारखेपर्यंत वाणी व नाट्य यांवर एकोणीस व्याख्याने झाली. श्टायनर सांगत आणि मारी म्हणून दाखवीत. समोर नटमंडळी बसलेली असत. त्याच दिवसांत, त्याच टेकडीवर, श्टायनर वैद्यांचा आणि धर्मोपदेशकांचा वर्गही घेत होते. नट, वैद्य आणि उपाध्ये एकाच अंगणातून ये-जा करीत होते, हे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. धावणे, उडी, कुस्ती, थाळीफेक, भालाफेक या ग्रीकांच्या पाच व्यायामांवर नटाच्या उच्चाराचा पाया घातला पाहिजे, असे या व्याख्यानांत सांगितले आहे. बोलण्याच्या सहा मूलभूत वृत्तीही तेथे येतात : परिणाम घडविणारी, विचारमग्न, अडखळत वाट शोधणारी, झिडकारणारी, जवळ घेणारी आणि स्वतःत मागे सरणारी. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत, विलंबित असे पाठ्याचे सहा अलंकार सांगितले आहेत, त्यांची येथे आठवण होते. फरक इतकाच की, भरतांची दृष्टी आवाजाच्या चढउतारावर व गतीवर आहे, तर येथे हावभावावर आहे. आधी हात बोलतो, मग मुख. महिना सरण्यापूर्वीच, २८ सप्टेंबरला श्टायनर शेवटचे बोलले. ३० मार्च १९२५ रोजी ते वारले. ईटाबाईंच्या सहकार्याने लिहिलेला त्यांचा वैद्यकावरील ग्रंथ त्याच वर्षी बाहेर पडला.

आणि मग, गुरू गेल्यावर पुष्कळ मठांत जे होते तेच येथे झाले. वारसा कोणाचा, अधिकार कोणाचा, गुरूंच्या जवळचे कोण, यावरून कार्यकारी मंडळात दोन तट पडले. दहा वर्षे धुसफूस चालली. १९३५ च्या वार्षिक सभेत बहुमताने ईटा वेगमान आणि गणितज्ञ एलिझाबेथ फ्रेडे यांना मंडळातून काढण्यात आले. मारी बहुमताच्या बाजूस होत्या. त्याच वर्षी जर्मनीत नाझी राजवटीने सोसायटीवरच बंदी घातली; पण बाहेरच्या संकटाने घरचे भांडण मिटले नाही.

या भांडणाची नोंद संस्थेच्या इतिहासात सापडते, परंतु त्याची किंमत वाणीविद्येने कशी भरली हे कोणी फारसे सांगत नाही. टेकडीवर मारी यांच्या हाताखाली एकमुखी पठनाचा संच तयार झाला, तो युरोपातील शहरोशहरी फिरला. १९३८ साली गटेचे ‘फाउस्ट’ दोन्ही भागांसह, एकही ओळ न गाळता, नव्या काँक्रीटच्या गटेआनुमात रंगभूमीवर आले. टेकडीच्या पायथ्याशी ईटाबाईंच्या रुग्णालयात रोगी, परिचारिका, मतिमंद मुले यांच्यात काम वाढत होते. दोन ठिकाणांत चालत जाण्याइतकेच अंतर. वर आवाज होता, खाली रुग्ण होता. आणि दोघांची गाठ घालणारा अधिकृत मार्ग बंद होता. वाणीचिकित्सा ही या दोघींचेही अपत्य. तिची रीतसर मांडणी चित्रकला वा गतिकला यांच्या चिकित्सेहून मागे राहिली, याचे कारण आम्ही या बंद वाटेत पाहतो.

१९४२ च्या डिसेंबरात मारी यांनी समेटाचे आवाहन केले. वय पंचाहत्तर झाले होते. पुढील मार्चमध्ये ईटाबाई गेल्या, आणि त्याच वर्षी फ्रेडेही. नंतर श्टायनर यांच्या ग्रंथांच्या हक्कावरून स्वतः मारी यांचाच संस्थेशी वाद जुंपला, आणि १९४८ च्या डिसेंबरात त्या वारल्या तेव्हा तो मिटलेला नव्हता.

पुढच्या पिढीतील कलावंतांनी ही गाठ हळूहळू घातली. मारी यांच्या तालमीत तयार झालेली माणसे वैद्यांबरोबर बसू लागली, आणि आजारागणिक कोणता वर्ण, कोणते वृत्त, कोणती हालचाल याचे अनुभव जमू लागले. या पद्धतीत वैद्य रुग्णाची तपासणी करून वाणीचिकित्सकाकडे पाठवितो. रुग्णास सहसा उभे करतात, चालवितात, कधी हातात चेंडू वा तांब्याची कांडी देतात. चिकित्सक एक ओळ म्हणतो, रुग्ण ती ऐकतो आणि मागून म्हणतो. ज्याचे चित्त विखुरलेले आहे त्यास आघाताचे ठाम वर्ण द्यावेत. ज्याचा श्वास कोंडतो त्यास बाहेर वाहून नेणारे फुंकेचे वर्ण आणि ल यांच्या ओळी द्याव्यात. ज्याची इच्छाशक्ती खचली आहे त्याच्याकडून पावलागणिक अनुप्रास साधणारी उत्तरेकडील जुनी कवने म्हणवून घ्यावीत, असा साधारण क्रम आहे. दमा, तोतरेपणा, झोप न लागणे, भीती, हृदयाची धडधड अशा तक्रारींत तिचा उपयोग करतात. औषध बंद करून केवळ हीच चिकित्सा करावी, असे मात्र जबाबदार मंडळी म्हणत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये २०११ पासून कलाचिकित्सकांसाठी संघराज्याची मान्यता असलेली परीक्षा आहे, तीत नाट्य व वाणी ही एक शाखा धरली आहे.

आता तपासणीविषयी. २००४ साली जर्मनी, स्वित्झर्लंड व ऑस्ट्रियातील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस निरोगी माणसांकडून वीस मिनिटे षट्चरणी वृत्तातील ओळी चिकित्सकाच्या मार्गदर्शनाखाली म्हणवून घेतल्या. दुसऱ्या खेपेस नुसता ठरावीक गतीने श्वास घ्यावयास लावला. तिसऱ्या खेपेस मनाजोगता श्वास घेऊ दिला. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात आणि सोडताना उतरतात, हे शरीरशास्त्राला ठाऊक आहे. पठनाच्या वेळी श्वास आणि ठोक्यांची ही चढउतार यांचा मेळ सर्वांत घट्ट बसला. मोजून घेतलेल्या श्वासात त्याहून कमी, आणि मोकळ्या श्वासात तर अगदीच थोडा. श्वास वेगळा शिकवू नये, हे श्टायनर यांचे म्हणणे या एका बाबतीत तरी निराधार ठरले नाही. सहा गण आणि आठ ठोके यांचे सुबक गणित मात्र यावरून सिद्ध होत नाही. तेथे काम करतो तो दीर्घ, संथ उच्छ्वास. बोलताना श्वास झटकन आत येतो आणि ओळीच्या लांबीभर हळूहळू बाहेर पडतो.

याच्या आधी तीन वर्षे, २००१ साली, इटलीतील लुचानो बेर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेवीस निरोगी प्रौढांवर केलेला एक प्रयोग ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. डोर्नाखच्या मंडळींशी त्याचा संबंध नाही, पण गोव्यातील वाचकांनी तो अवश्य जाणून घ्यावा. त्या माणसांनी एकदा लॅटिन भाषेत जपमाळेची प्रार्थना म्हटली, म्हणजे आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे सांजवेळी चालतो तो तेर्स. आणि एकदा तिबेटी बौद्धांचा षडक्षरी मंत्र. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सुमारे सहांवर आला. रक्तदाबात सुमारे दहा सेकंदांची एक नैसर्गिक लाट असते, तिच्याशी तो जुळला, आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. जपमाळ हिंदुस्थानातून व तिबेटातून अरबांमार्फत युरोपात गेली असावी, अशीही एक सूचना त्या लेखात आहे. तिचा अभिमान मिरविण्याची घाई आम्ही करणार नाही. प्रयोगाचा खरा धडा याहून साधा आहे : सप्तमीच्या पालखीपुढे उभा असलेला भट आणि क्रुसापुढे गुडघे टेकलेली म्हातारी, यांच्या छातीत त्या घटकेस एकच काम चाललेले असते.

परंतु निरोगी माणसाच्या हृदयाचा मेळ बसणे वेगळे आणि आजाऱ्यास बरे वाटणे वेगळे. दीर्घकालीन दुखण्याच्या १६१ रुग्णांची चार वर्षे घेतलेली नोंद २००७ साली जर्मनीत प्रसिद्ध झाली. त्यांना चित्र, मातीकाम, संगीत वा वाणी यांपैकी एका कलेची चिकित्सा दिली होती. त्यांच्या तक्रारी कमी झाल्या आणि तो गुण पुढे टिकला. उणीव अशी की, चिकित्सा न घेतलेल्या तशाच रुग्णांचा गट तुलनेस नव्हता, आणि काळ हाही एक वैद्य आहे. पृथ्वी-अग्नीची तत्त्वे, मनुष्याचे सूक्ष्म देह इत्यादी जी उपपत्ती श्टायनर यांनी मांडली, तीस आधुनिक वैद्यक मान्यता देत नाही. आमचे मत असे की, उपपत्ती बाजूस ठेवूनही जे उरते ते थोडे नाही. दम्याने घाबरलेल्या मुलास ‘श्वास घे’ म्हटले तर तो अधिकच घाबरतो. त्यास एक सुंदर ओळ म्हणावयास दिली तर तो श्वास विसरतो आणि म्हणून श्वास घेतो. ध्वनिक्षेपकावर कर्कश लावलेल्या स्तोत्राने हे साधत नाही, दक्षिणेकडे डोळा ठेवून तिप्पट वेगाने उरकलेल्या आवर्तनानेही नाही. पाणिनीय शिक्षेने अधम पाठकांची जी यादी केली आहे, तीत घाईने म्हणणारा आहेच.

श्टायनर यांच्या पद्धतीच्या शाळा आज हैदराबाद व मुंबई येथेही आहेत. आर्लेसहाइमचे रुग्णालय चालू आहे. १९३५ सालचा तो ठराव मात्र कागदावर तसाच राहिला होता. अखेर २०१८ च्या वार्षिक सभेत, त्र्याऐंशी वर्षांनी, सोसायटीच्या सभासदांनी तो रद्द केला आणि ईटा वेगमान व एलिझाबेथ फ्रेडे यांना त्यांचे स्थान परत दिले. त्या सभेत ज्यांनी हात वर केले, त्यांतील बहुतेकांनी या तिघींपैकी एकीचाही आवाज कधी ऐकलेला नव्हता.